लाल कॅप्सूल आणि आत्यांचा दोरा

११ जानेवारी २०२४, गुरुवार. जिंतूर.
रिपोर्ट आला. टीबी. त्यातही साधा नाही, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. खोकल्याच्या बाटल्या पिऊन पिऊन जीभ गोड झाली होती माझी, आणि दवाखान्यातल्या मशीननं एका दुपारी सांगून टाकलं.
आमचे सु. एसटी डेपोच्या वर्कशॉपमधून तसेच आले. हाताला ग्रीस. म्हणाले, "थांब, हात धुऊन येतो, मग वाचू." धुऊन आले. वाचलं. परत हात धुवायला गेले.
सोमवारी परभणीला जायचं. काही दिवस ॲडमिट.
पार्लरला कुलूप लावलं. ऐन लगीनसराई तोंडावर. तीन नवऱ्या बुक आहेत माझ्याकडं.

१६ जानेवारी. परभणी.
रक्त, एक्स-रे, ईसीजी. लघवीची तपासणीपण, दिवस गेलेत का ते बघायला. नाहीत. सात वर्षं हेच उत्तर ऐकतेय. पण डॉक्टर मॅडम म्हणल्या, "बरं झालं, ह्या गोळ्या पोटातल्या बाळाला चालत नाहीत." ह्या उत्तरावर बरं झालं म्हणणारं पहिलंच माणूस. मला हसू आलं, मॅडमला वाटलं मी रडतेय. त्यांनी पाणी दिलं.

नऊ महिने तरी चालणार. जास्तपण लागतील. सुया नाहीत, सगळ्या गोळ्याच. "पूर्वी सुया असायच्या, लोकांचे कान जायचे. तुम्ही नशीबवान आहात." बरं. नशीबवान.

मग त्यांनी एक लालसर कॅप्सूल माझ्या हातावर ठेवलं. "ह्यानं कातडी बदलेल. तांबूस, मग काळपट. घाबरून औषध सोडायचं नाही. संपलं की हळूहळू रंग परत येतो."
म्हणलं, "मॅडम, माझं ब्युटी पार्लर आहे."
मॅडमनी कॅप्सूल परत पाकिटात टाकलं. मग म्हणल्या, "मग फरक सगळ्यात आधी तुम्हालाच कळेल."

१८ जाने.
एक गोळी अशी आहे की ढेकर आली की वॉर्डातले सगळे माझ्याकडं बघतात. नाव ठेवलं: वासाची.

२४ जानेवारी. घरी.
आल्या आल्या धक्का. दारात वालूरच्या आत्या बसलेल्या. नवऱ्यानं माझ्या सासूला परस्पर फोन केलाय! सोबत ज्वारीचं पीठ, तुरीच्या शेंगा, त्यांनी स्वतः शिवलेल्या दोन वाकळी, आणि रुमालात बांधलेला हुरडा.
"आत्या, जवळ येऊ नका. मास्क लावा आधी."
"लावते की. पण हे लावून बोलता येतंय का, ते सांग."
"येतंय."
"मंग दे."

गच्चीवरची खोली मला. खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, मॅडमचा हुकूम. थंडी मरणाची, पण आत्यांची वाकळ अंगावर घेतली की भट्टीच. सु. आणि आत्या दोघांचे एक्स-रे झाले. चांगले आले. हे एक बरं.
हुरडा खाल्ला. उलटी झाली. परत खाल्ला.

२ फेब्रुवारी
रोज सकाळी गोळ्या झाल्या की गच्चीच्या नळापाशी उलटी. समोरच्या बांगड्यांच्या दुकानातून नंदाकाकू बघायल्या, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. आज त्यांनी आत्यांच्या हाती कवठ आणि चिंचा पाठवल्या. निरोप: "खा गं बाई, ह्या दिवसांत असंच होतंय."
सासू गावावरून आली, सून उलट्या करायलीय, पार्लर बंद. काकूंनी बरोबर हिशोब लावला.
सु. पोट धरून हसले. मीपण. हसता हसता खोकला लागला.
कवठ लय गोड होतं.

७ फेब्रु.
गल्लीभर झालं. बुक केलेल्या एका नवरीच्या आईचा फोन. मी म्हणलं तब्येत बरी नाही. ती: "कळलं ताई कळलं, आनंदाची बातमी हाय. जपा." मी हो म्हणलं नाही. नाही पण म्हणलं नाही.
खरं सांगायचं तर दोन मिनिटं बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी, सोमवार
आज आत्यांनी काय केलं!!
मी वर. खाली बंद पार्लरच्या पायऱ्यांवर नंदाकाकू आणि गल्लीतल्या बाया. काकूंचा आवाज, "कितवा लागला हो? चोळी शिवायला टाकावी म्हणते मी हिरवी." आणि आत्यांचा आवाज. त्या मळ्यात हाक मारायच्या आवाजातच बोलतात कायम.
"दिवस न्हाई गेले. टीबी झालाय तिला. जरा दांडगा हाय, पण सरकारी औषध चालू हाय. बरी व्हईल. चिंचा पाठवत जा, तिला आवडायल्यात."
नंतर खाली इतकं शांत झालं की मला बसस्टँडवरची अनाउन्समेंट ऐकू आली.

१३ फेब्रु.
आत्यांशी बोलत नाही.

१४ फेब्रु.
अजून नाही. पायऱ्यांवर ताट आलं, भाकरी-भाजी, पण ठेचा नाही. म्हणजे त्यापण रागावल्यात.

१५ फेब्रुवारी
दोन नवऱ्या गेल्या. एकीनं सरळ सांगितलं, "घरचे नको म्हणायलेत." दुसरीनं तारीख बदलली म्हणून सांगितलं. मांडवाची तारीख अशी फोनवर बदलते होय? तिसरी फोनच उचलेना.
मग मी जिन्यावरूनच भांडले. मास्क लावून भांडायला लय दम लागतो. "सात वर्षांत उभं केलेलं दुकान हाय माझं. तुमी एका वाक्यात बसवलं. कामून सांगितलं?"
आत्या खाली धान्य निवडत होत्या. मान वर न करता म्हणल्या, "मंग काय करणार व्हतीस? पाचव्या म्हैन्यात पोटाला उशी बांधणार व्हतीस?"
मी मास्क सारखा केला.
"आन् उशी काढल्यावर परत सगळ्या गल्लीनं तुला बिचारी म्हणायचं. पोर न्हाई म्हणून एकदा रडलीस ती बगितली म्या. त्याच गोष्टीसाठी दुसऱ्यांदा मला न्हाई बगायचं."
मी वर आले.
संध्याकाळच्या ताटात ठेचा होता.

१८ फेब्रु., रविवार
आत्यांनी पार्लरची चावी मागितली. "बंद दुकान दिसलं की लोकं म्हणतेत माणूस गेलं. मी उघडून बसते."
"बसून करणार काय?"
"काय करतीस तू?"
"थ्रेडिंग, फेशियल, मेकअप…"
"दोऱ्याचं काम हाय ना ते पहिलं? मंग शिकव."
मला वाटलं चेष्टा. नाही. खालून दोऱ्याचं रीळ घेऊनच वर आल्या होत्या.

१९ फेब्रु.
शिकवणी सुरू. मी गच्चीच्या ह्या कोपऱ्यात, आत्या त्या कोपऱ्यात, दोघींना मास्क. मधे खुर्चीवर सु., पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. कारण भुवया काही मिळेनात शिकायला, म्हणून नवऱ्याची पोटरी.
मी दोरा हातात धरून दाखवते: एक टोक दातात, मधे पीळ, बोटं उघडायची-मिटायची. आत्यांना पीळ लगेच जमला. जन्मभर वाकळी शिवलेली बोटं. पण ओढायचं किती, ते कळेना. सु. नुसते "आय आय आय" करायलेत. आत्या मुलाला म्हणतात, "गप बस, तुला जन्म देताना मी इतकी वरडले न्हाई."
मी इतकी हसले की खाली काकूंनी दुकानाबाहेर येऊन वर बघितलं.

२४ फेब्रु.
सु.ची डावी पोटरी गुळगुळीत. वर्कशॉपमधे हाफ पँट घालायची बंद केली. आता उजवी.

१ मार्च, शुक्रवार
नंदाकाकू आल्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. गच्चीकडं बघून ओरडल्या, "वैशाली, चिंचा संपल्या का?"
म्हणलं, "संपल्या."
"पाठवते." मग पार्लरात शिरून खुर्चीत बसल्या. आत्यांना म्हणल्या, "करा हो माझ्या भुवया. आख्खा जन्म बांगड्या विकायली मी, माझ्या तोंडाला कोण बगतंय."
मी जिन्यात बसून ऐकत होते, दिसत काहीच नव्हतं. दोऱ्याचा आवाज मात्र कळतो मला, बरोबर चालला की करकर येतो. आला.
शेवटी कळलं की एक भुवई चंद्रकोर झाली आणि दुसरी जवळजवळ गेलीच. काकू आरशात बघून आधी किंचाळल्या, मग हसायला लागल्या, मग दुकानात जाऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला दाखवायला लागल्या. "ही बगा, वालूरची फ्याशन."
संध्याकाळपर्यंत चार बाया नुसतं बघायला आल्या. त्यातली एक खुर्चीत बसून गेली!

१४ मार्च
परभणी. थुंकीत जंतू दिसत नाहीत. मॅडम म्हणल्या अजून कल्चरची, म्हणजे जंतू वाढतात का त्या तपासणीची, वाट बघू, त्याला वेळ लागतो, पण चांगलं आहे. ईसीजी नीट. वजन वाढलंय.
बसस्टँडवर सु.नी उसाचा रस पाजला. मोठा ग्लास.

२२ मार्च
रंग यायला लागला. मॅडम बरोबर म्हणल्या होत्या, मलाच आधी दिसला. गालाच्या हाडावर आधी, मग कपाळावर. तांब्याच्या भांड्यासारखा. घामानं उशीचा अभ्रा गुलाबी झालाय. हाताची कातडी कोरडी, खवल्यासारखी.
आरसा पुसला. बरोबर दिसतंय का म्हणून परत पुसला.
आत्यांनी खोबरेल दिलं वाटीत. म्हणल्या, "आता जरा माझ्यासारखी दिसायलीस. लोकं म्हणतील लेकच हाय."

९ एप्रिल. पाडवा.
कल्चर निगेटिव्ह! मॅडमचा फोन, सणाच्या दिवशी! आता माझ्यापासून कुणाला धोका नाही म्हणल्या. खाली यायचं. पार्लरात जायचं. सु.च्या शेजारी झोपायचं (हे त्यांनी नाही सांगितलं, मी आपलं समजून घेतलं).
खाली आले, आत्यांचा मास्क माझ्या हातानं काढला. किती दिवसांनी त्यांचं तोंड पूर्ण बघितलं. वरच्या ओठावर मिशा होत्या बारीक, म्हणलं बसा खुर्चीत. बसल्या. मी दोरा घेतला. दोनदा पीळ चुकला, आत्यांनी बसल्या जागी सांगितला.

१४ एप्रिल, रविवार. जयंती.
सकाळी विहारात वंदना. पांढरी साडी, त्यावर हा रंग. मला वाटलं होतं सगळे बघतील. बघितलं पण. मग विसरले, कारण डीजे सुरू झाला.
मिरवणुकीत आत्या माझ्यावर छत्री धरून चालायल्या होत्या, ऊन लागलं की रंग जास्त चढतो म्हणून. मी म्हणलं, "द्या सोडून." छत्री मिटवली आणि नाचायला लागले. दोन गाणी पूर्ण. खोकला नाही. दम लागला, पण तो नाचल्याचा दम होता, दुखण्याचा नाही. हा फरक किती महिन्यांनी कळला.
आत्या छत्री हातात घेऊनच नाचल्या. निळ्या गुलालानं दोघींचा रंग एकच झाला.

१५ एप्रिल
पाय हलेनात. मॅडम म्हणल्या होत्या सांधे दुखतील, गोळीमुळं. पण हे गोळीचं की डीजेचं, कोण सांगणार.

२७ एप्रिल
पार्लर चालू, पण नवरी एकही नाही. भुवयांना बाया येतात, त्यापण आत्यांकडं. माझ्या खुर्चीकडं बघतात, माझ्या हाताकडं बघतात, "आत्या करतील का?" म्हणतात. आत्यांचा हात आता सरळ चालतोय, मला तक्रार करायला जागाच नाही.
दुपारभर मी ब्रश धुतले. धुतलेलेच परत धुतले.

३ मे
एक मुलगी आली. रोशनी. इथल्याच शाळेत शिकवते, लग्न पालमला ठरलंय. सोबत आई. मुलगी चांगली सावळी, टपोऱ्या डोळ्यांची.
मी आधीच सांगितलं, "मला टीबी झाला होता, औषध अजून चालू हाय, रिपोर्ट चांगले हायेत, बघायचे तर दाखवते." (आत्यांमुळं सवय लागलीय.)
रोशनी: "माहीत हाय ताई. गल्लीत शिरल्यावर एका काकूंनी सांगितलं. म्हणून तर आत आले. तुमी लपवलं न्हाई."
मी आत्यांकडं बघितलं. आत्या छताकडं.
आई म्हणाली, "रंग जरा उजळ करा पोरीचा. तिकडची लोकं गोरी हायेत."
रोशनी: "आई, त्यांनी मला बगितलंय. आंधळे न्हाईत ते."
आई: "फोटो कायमचे राहतेत."
रोशनी: "म्हणूनच."
बुकिंग घेतलं. त्या दोघी गेल्यावर आत्या म्हणल्या, "पोरगी दमदार हाय."

४ मे
माझ्याकडं रोशनीच्या रंगाचं काहीच नाही! सात वर्षं दुकान चालवलं, एक बाटली नाही तिच्या रंगाची. सगळ्या नवऱ्यांना मी एकच पांढरं फासत आले, मान वेगळी, तोंड वेगळं. सगळेच तसं करतात, मला कधी खटकलं नाही.
आज माझ्याच हातावर लावून बघितलं ते फाउंडेशन. भिंतीला चुना दिल्यासारखं.

८ मे
परभणीला तपासणीला गेले तशीच बाजारात. चार दुकानं हिंडले. दुकानदार, "ताई, गडद कुणी नेत न्हाई हो, म्हणून ठेवत न्हाई." एकाकडं मागच्या कप्प्यात दोन बाटल्या धूळ खात होत्या. बाकीचं नांदेडहून मागवून देतो म्हणाला.
बसमधे पूर्ण रस्ता हातावर पट्टे काढत बसले. शेजारची आजी, "काय गं, गोंदून घेतीस का?"
हा हात आता कामाचा झालाय. गोरा होता तेव्हा ह्याच्यावर काही कळत नव्हतं.

१९ मे, रविवार. पालम.
रोशनीचं लग्न. पहाटेच्या गाडीनं मी आणि आत्या. आत्यांनी दोऱ्याचं, मी बाकीचं. ऊन असं की मांडवातला पंखा गरम हवाच फिरवायला. मेकअप वितळणार म्हणून जीव वरखाली. पातळ थर दिला, त्यावर अजून पातळ. टिकला!
रोशनीनं आरशात मान इकडं वळवली, तिकडं वळवली. आई मागून बघायली. मी मनात म्हणलं, गेलं सगळं.
मग आई पुढं आली, पोरीच्या कानामागं काजळाचा ठिपका लावला आणि डोळ्याला पदर.

नवरी मांडवात आली. नवरदेवाकडच्या एका म्हातारीनं, बहुतेक चुलत आजी, पुढं सरकून तोंडाजवळ येऊन बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं माय, दाखवली तशीच नवरी आली की! आमच्या वक्ताला लग्नात एक अन् घरी आल्यावर दुसरीच निघायची."
सगळा मांडव हसला. नवरदेव सगळ्यात मोठ्यानं.
जेवायला बसलो. मी वरण-भात, भाजी, दोन बुंदीचे लाडू. वासाची गोळी असूनही पोटात राहिलं.
तिथंच मांडवात दोन बुकिंग.

२ जून
नवरी. हदगावची.

६ जून
अजून एक. ही गोरी आहे! ती म्हणे, "त्या पालमच्या लग्नातल्यासारखं करा, माझं मीच दिसावं." 

१२ जुलै
वासाची गोळी बंद!!! मॅडम म्हणल्या पहिला टप्पा संपला. सु.नी घरी येताना पेढे आणले, गोळी बंद झाल्याचे पेढे. नंदाकाकूंना दिले. त्या म्हणल्या, "कशाचे?" म्हणलं, "ढेकर बंद झाली त्याचे." त्यांनी एक परत मागितला.

३ ऑगस्ट
भांडण. आत्या सहा वाजताच पार्लर बंद करून मालिका बघायला जातात. गिऱ्हाईक बसलेलं असतं. म्हणल्या, "म्या काय नोकर हाय का?" म्हणलं, "मालकीण हायात, म्हणून तर." हे त्यांना पटलं, पण मालिका सोडली नाही. आता छोटा टीव्ही पार्लरातच लावलाय. गिऱ्हाइकं वाढली.

१० सप्टेंबर. गौरी.
काकूंच्या घरच्या गौरींचे मुखवटे रंगवून दिले. काकू म्हणल्या, "वैशाली, ह्या वर्षी जरा सावळ्या कर, चांगल्या दिसतेत." केल्या.
मीपण पूर्ण सावळी आता. आरशाची सवय झाली. सकाळी दात घासताना दचकत नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार
शेवटच्या गोळ्या. पाणी जरा जास्तच प्यायले.
मॅडमनी हात मिळवला. म्हणल्या, "आता दोन वर्षं दर सहा महिन्यांनी यायचं. हा आजार कधीकधी परत येतो, म्हणून नजर ठेवायची." मग माझ्या हाताकडं बघून, "आणि रंगाला वेळ लागेल हं. कुणाला सहा महिने, कुणाला वर्षं."
म्हणलं, "घाई न्हाई मॅडम. ह्याच्यावर शेड बरोबर कळतात."
मॅडम म्हणल्या त्यांच्या बहिणीचं लग्न आहे डिसेंबरात. कार्ड दिलं मी. आमी दोघी वॉर्डाच्या दारात उभ्या राहून लिपस्टिकवर बोलत होतो आणि सु. बाहेर रिक्षावाल्याला थांबवून धरून.

१५ मार्च २०२५
किती दिवसांनी लिहायलेय. काम. नवऱ्या. दुखणं नसलं की लिहिणंपण होत नाही.
आज आत्यांनी बॉम्ब टाकला. जेवताना. "मी आता वालूरला जाते."
माझा घास तसाच हातात. म्हणलं काय झालं, कुणी काही बोललं का.
"कोण बोलंल मला? मला तिथं पार्लर काढायचंय."
सु.ना ठसका लागला.
"हसू नका. बाजाराच्या दिवशी किती बाया येतेत वालूरला, मोजून बगा. भुवयांसाठी सेलूला जातेत बिचाऱ्या. मी कामून देऊ सेलूला?"

२० मार्च
सु. आत्यांना समजावायलेत. उपयोग शून्य. मी समजावत नाही. मी जुनी खुर्ची पुसून ठेवलीय.

१७ एप्रिल
परभणी. सहा महिन्यांची तपासणी. एक्स-रे, थुंकी दिली. मॅडमला सांगितलं, आठवडाभर जरा खोकला आहे. त्यांनी पाठीला नळी लावून लय वेळ ऐकलं. म्हणल्या, "धुळीचा असेल. रिपोर्ट आले की फोन करते."
सु.नी विचारलं काय म्हणल्या. म्हणलं, धूळ.

२६ एप्रिल २०२५, शनिवार. वालूर.
उद्घाटन!
टेम्पोत खुर्ची, आरसा, मी आणि सु. रस्ताभर खुर्चीला धरून. बाजाराकडं तोंड करून पत्र्याची खोली. पेंटरनं बोर्डावर "आत्या बुटी पार्लर" लिहून ठेवलंय. सु. म्हणाले खोडायला लावू. आत्या, "राहू दे, बाया काय वाचून येतेत का? नाव ऐकून येतेत."
नारळ फोडायला गावातली सगळ्यात म्हातारी बाई बोलावली होती. तिच्याकडून नारळ फुटेना. शेवटी सु.नी फोडला, आणि श्रेय तिला दिलं. बाया इतक्या की आत उभं राहायला जागा नाही. पोरी दाराबाहेरून माना घालायल्या. एक कुणीतरी, "अगं ही सून हाय का लेक?" आत्या दोरा शोधत होत्या.

पहिलं गिऱ्हाईक कोण, ह्यावर वाद. सगळ्या लाजायल्या. एकीनं दुसरीला ढकललं, दुसरीनं तिसरीला. आत्यांनी माझा दंड धरला. "तू बस."
"आत्या, मी कशाला, माझ्या मीच…"
"बस."
बसले. मान मागं. पत्र्याचा उकाडा, वर आत्यांचं तोंड उलटं, दातात दोरा. खोकला येतोय असं वाटलं, दाबला. बाया श्वास रोखून बघायल्या. करकर सुरू झाली.
एक भुवई झाली आणि फोन वाजला. मांडीवरच होता. परभणीच्या दवाखान्याचा नंबर.
हात घातला तर आत्या दातातला दोरा न सोडता म्हणल्या, "हालू नको. वाकडी व्हईल."
वाजू दिला. पूर्ण वाजला.
दुसरी भुवई झाल्यावर सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या, जसं काही मी काही केलंय. मग मात्र रांग लागली. आत्यांनी दुपारचं जेवण केलं नाही. मी पावडर लावायला, सु. पाणी द्यायला.

टेम्पोत बसताना फोन परत लावला. उचलला नाही. शनिवार, ऑफिस सुटलं असणार. उद्या रविवार.
सु.नी विचारलं, "कुणाचा होता?"
सांगितलं.
त्यांनी फोन घेऊन नंबर बघितला. थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "भुवया मात्र एकदम बरोबर आल्यात."
आरशात बघितलं, टेम्पोच्या. आल्यात.